बेसबॉल: वॉशिंग्टन नॅशनल्सनी आपला पिचर (चेंडू टाकणारा) स्ट्रासबर्ग याला २०१२ मध्ये हंगाम संपायच्या आधीच थांबवलं, ते बरोबर होतं का?

डावखुरा:
काल एकांनी ठासून लिहिलं, "नॅशनल्सनी २०१२ मध्ये स्ट्रासबर्गचा हात वाचवला म्हणून २०१९ ची वर्ल्ड सिरीज मिळाली." सात वर्षांनंतरच्या विजयाचं श्रेय त्या निर्णयाला कसं काय देता? सप्टेंबर २०१० मध्ये त्याचं टॉमी जॉन (कोपराचं फाटलेलं लिगामेंट बदलायचं ऑपरेशन), २०११ मध्ये मेजर्समध्ये (मुख्य लीगमध्ये) जेमतेम २४ इनिंग्ज (एका सामन्यात नऊ असतात). पुढच्या वर्षी १६० इनिंग्जच्या आसपास थांबवायचं, हे हंगामाआधीच ठरलेलं. मग ५ एप्रिलला शिकागोत सलामीलाच कशाला उतरवला? २८ स्टार्ट (सामन्याची सुरुवात त्यानं केली), १५९⅓ इनिंग्ज, १९७ स्ट्राइकआऊट (तीन स्ट्राइकवर बाद), आणि ९८ सामने जिंकलेला संघ प्लेऑफमध्ये (ऑक्टोबरमधल्या बाद फेऱ्यांत) गेला तेव्हा हा बाकावर! अटलांटानं टॉमी जॉन झालेल्याच क्रिस मेडलेनला जुलैअखेरपर्यंत बुलपेनमध्ये (सामन्याच्या मध्ये उतरणाऱ्या पिचरांत) ठेवलं, मग रोटेशनमध्ये (आळीपाळीनं सामना सुरू करणाऱ्यांत) आणलं. १३८ इनिंग्ज, ईआरए (नऊ इनिंग्जमागे दिलेले अर्न्ड रन, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या चुकीविना झालेले) १.५७ आणि ऑक्टोबरलाही हजर.

माउंडकर:
मेडलेनची निम्मीच गोष्ट सांगितलीत. मार्च २०१४ मध्ये त्याच कोपरावर दुसऱ्यांदा टॉमी जॉन झालं, ते का गाळलं? बुलपेन म्हणजे आराम नव्हे. फोन आला की उठा, वीसेक चेंडू टाकून हात गरम करा, पुन्हा बसा, पुन्हा उठा. हे चेंडू धावफलकावर येत नाहीत, पण कोपर ते मोजतं. नव्या ग्राफ्टला (बसवलेल्या लिगामेंटला) पाच दिवसांचा ठरलेला क्रमच मानवतो. नॅशनल्सच्याच जॉर्डन झिमरमनला २०११ मध्ये याच पद्धतीनं १६१⅓ वर थांबवलं होतं. नॅशनल्सचे जनरल मॅनेजर रिझो यांनी नवीन काही काढलं नव्हतं.

राखीव खेळाडू:
दोघंही भलतीकडेच भांडताय. त्या प्लेऑफमध्ये कार्डिनल्सविरुद्धच्या निर्णायक पाचव्या सामन्यात नॅशनल्सची ६-० आघाडी होती. नवव्या इनिंगला ७-५ असताना बुलपेनमधल्या स्टोरेननं चार रन दिले. तिथं स्ट्रासबर्ग काय करणार होता? प्लेऑफमध्ये त्याच्या जागी उतरलेल्या डेटवायलरनं चौथ्या सामन्यात सहा इनिंग्जमध्ये एकही अर्न्ड रन दिला नव्हता. हरवलं ते बुलपेननं.

डावखुरा:
आणि दुसऱ्या सामन्यात झिमरमन तीन इनिंग्जमध्ये पाच रन देऊन गेला, तिसऱ्यात जॅक्सन हरला, हे सोयीस्कर विसरलात.

कोपरतज्ज्ञ नाही:
इनिंग्ज मोजणंच मुळात चुकीचं! दहा-दहा चेंडूंच्या तीन इनिंग्ज आणि तीस चेंडूंची एक, यांत दुसरी जास्त घातक. मधे बसायला मिळत नाही, अग्रबाहूचे स्नायू थकतात आणि कोपरावरचा ताण थेट लिगामेंटवर येतो. स्ट्रासबर्गचं तर पुढचा पाय टेकायच्या क्षणी कोपर खांद्याच्या वर असायचं आणि हात मागेच राहिलेला. उशीर झालेला हात मग झटक्यानं पुढे आणावा लागतो. ही ॲक्शन न बदलता १६० काय नि १०० काय!

माउंडकर:
आलं इन्व्हर्टेड डब्ल्यू (कोपर खांद्याच्या वर गेलेली ॲक्शन)! थांबवलेल्या चित्रफितीवरून निदान करणं बंद करा. तशी ॲक्शन असून वर्षानुवर्षं टिकलेले पिचर आहेत, आणि पुस्तकी ॲक्शनवाल्यांचीही लिगामेंटं फाटलीत. स्ट्रासबर्गचे पदार्पणाला ९४ चेंडूंत १४ स्ट्राइकआऊट, एकही वॉक (चार बॉलवर मिळणारा फुकट बेस) नाही, फास्टबॉल ताशी शंभर मैलांच्या घरात. त्या वेगाचं काय?

कोपरतज्ज्ञ नाही:
वेग हे मोठं कारण आहेच, कोण नाही म्हणतंय? पण ऑगस्ट २०१० मध्ये फिलाडेल्फियात हात गेला तो चेंजअपवर (मुद्दाम हळू टाकलेल्या चेंडूवर). त्याआधी जुलैअखेरीस खांदा सुजला म्हणून तो बाहेर बसला होता. खांदा दुखतोय म्हणून हात जरा जरी वेगळा फिरला, तर भार कोपरावर जातो. तेव्हाच ॲक्शन तपासायला हवी होती. २०२१ मध्ये थोरॅसिक आउटलेटचं (मान-खांद्याजवळ दबलेल्या नसांचं) ऑपरेशन झालं, तेही उगाच नाही.

माउंडकर:
"उगाच नाही" हा पुरावा झाला का? मेट्सचा पिचर मॅट हार्वी याला २०१५ मध्ये कुणी थांबवलं नाही. टॉमी जॉननंतरच्या पहिल्याच हंगामात, प्लेऑफ धरून, २१६ इनिंग्ज. पुढच्याच वर्षी त्याचंही थोरॅसिक आउटलेट. त्याची ॲक्शन कुठे तशी होती?

डावखुरा:
हार्वीवरून मर्यादा हवी एवढं पटतं, तेवढं मान्य करतो. पण ती एप्रिलपासून खर्च करायची की मेपासून, याला उत्तर मिळालेलंच नाही. पहिले पाच आठवडे एक्स्टेंडेड स्प्रिंगमध्ये (हंगाम सुरू झाल्यावरही चालणाऱ्या सराव शिबिरात) ठेवला असता तर सहा-सात स्टार्ट, म्हणजे पस्तीस-चाळीस इनिंग्ज हाताशी राहिल्या असत्या. त्यात ऑक्टोबर भागला असता.

माउंडकर:
आणि एप्रिलमधले ते सामने हरून प्लेऑफच हुकलं असतं तर?

डावखुरा:
९८ जिंकलेत हो! चार हरले असते तरी ९४ राहतात, आणि गटात दुसरा आलेला अटलांटाही ९४ वरच होता.