अनुभव धागा: रविवार सोडून उरलेल्या सहा दिवसांची उपासना

आमच्याकडे चर्चचे पाळकसाहेब महिन्यातून एकदाच येतात, प्रभुभोजनाला (येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत भाकर-द्राक्षारस घेण्याचा विधी). बाकीचे रविवार कोणाच्या तरी ओसरीत वाचन-प्रार्थना होते. बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात येशूचा प्रेषित पौल म्हणतो, आपली शरीरंच जिवंत यज्ञ म्हणून देवाला द्या. आता हे वावरात, दवाखान्यात, चुलीपाशी कसं होतं? उपदेश नको, घडलेलं लिहा. बोलीत चालेल.

कापूस वेचणारी, यवतमाळ जिल्हा
मले लिहिता येत नाही, पोरगी लिहून राहिली. वेचाईची मजुरी किलोवर भेटते. पहाटी दवात वेचला त कापूस वजनात भरते, फायदा आपला. पण ओला माल गंजीत पिवळा पडते अन् भाव मालकाचा पडते. मी दव सुकल्याबिगर ओटी बांधत नाही. जे करता ते माणसासाठी नाही, प्रभूसाठी करा, असं कलस्सैकरांच्या पत्रात हाय. मालकानं कधी चांगलं म्हटलं नाही. त्याले माहीतच नाही.

निवृत्त परिचारिका, अचलपूर तालुका
आमच्या कोठाऱ्याला मिशनचं कुष्ठरोग रुग्णालय आहे, माझी नोकरीही याच रुग्णांत गेली. नसा बधिर झालेल्या पायात काटा रुतला तरी कळत नाही. घाम येत नाही, म्हणून कातडी कोरडी पडून भेगाळते. असे पाय रोज साध्या पाण्यात वीसेक मिनिटं भिजवायचे, जाड कातडी घासायची, पाय ओले असतानाच तेल चोळायचं, मग बोटांच्या बेचक्यात जखम आहे का बघायचं. येशूने शिष्यांचे पाय धुतले, तो योहानाचा 13वा अध्याय पवित्र गुरुवारी चर्चमध्ये वाचतात. तो ऐकताना मला ड्रेसिंगच्या खोलीतला वास आठवायचा. खरं सांगते, काम करताना भक्तिभाव वगैरे नसायचा, पाठ दुखायची. पण एक आजोबा पाय पाण्यात टाकले की मोठ्यानं 23वं स्तोत्र म्हणायचे, आणि ओळ विसरली की माझ्याकडे बघायचे. पुढची ओळ मी सांगायची. माझी त्या दिवसाची प्रार्थना बहुतेक तेवढीच.

चर्चमधला पेटीवाला
सगळं पटलं. पण ‘माझं कामच उपासना’ म्हणत मंडळीत पाय न टाकणारेही गावात आहेत. इब्री लोकांस पत्र (10:25) एकत्र मिळणं सोडू नका म्हणतं, त्याचं काय? नारायण वामन टिळकांनी (1861–1919) अभंगाच्या वळणाची ख्रिस्ती भजनं लिहिली. ती एकट्यानं म्हटली तर धृपद कोण उचलणार?

शेतकरी, बुलढाणा जिल्हा
पेटीवाले भाऊ, हे मलाच आहे! शेतीपंपाची लाईन कधी दिवसा, कधी रात्री. दिवसाची आली नि नेमका रविवार, गहू ओंबीवर, मग पाणी कसं चुकवू? विहिरीत पडलेला बैल शब्बाथ दिवशी (यहुद्यांच्या विसाव्याच्या दिवशी) काढणार नाही का, असं येशूनेच विचारलंय, लूक 14. त्यावर बायको म्हणते, दर रविवारी तुमचाच बैल कसा पडतो? शेवटी धुऱ्याशेजारच्या भाऊशी ठरवलं. उपासनेच्या वेळी माझं पाणी तो पाहतो. गुरुवारी तो शेगावला दर्शनाला जातो, तेव्हा त्याच्या वावरात मी. यंदा त्याचा गहू माझ्यापेक्षा उजवा आहे. त्याचं पाणी मी जास्त मन लावून देतो, असं बायकोचं म्हणणं.