क्वेर्सेटिनने पेशींतला दाह उतरतो, उंदराच्या फुप्फुसातला नाही. काय चुकतंय?

प्रश्न

रॉ २६४.७ पेशींना (उंदराच्या मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी) एलपीएसच्या (जिवाणूंचं दाह पेटवणारं एंडोटॉक्सिन) तासभर आधी ५० मायक्रोमोलर क्वेर्सेटिन (वनस्पतींतलं एक फ्लॅव्होनॉइड) दिलं की टीएनएफ-अल्फा आणि आयएल-६ (दाहाचे निरोप देणारी प्रथिनं, म्हणजे सायटोकाइन) दोन्ही छान उतरतात, एमटीटीतही (जिवंत पेशी रंगावरून मोजणारी चाचणी) पेशी ठणठणीत. उंदरांत मात्र काहीच फरक नाही. क्वेर्सेटिन ५० मिग्रॅ/किलो तोंडावाटे, तासाभराने श्वासनलिकेतून एलपीएस ५ मिग्रॅ/किलो, २४ तासांनी लॅव्हाज (फुप्फुस आतून धुऊन ते पाणी तपासणं). टीएनएफ-अल्फा दोन्ही गटांत जेमतेम. फुप्फुसाच्या ओल्या-कोरड्या वजनाचं गुणोत्तर (सूज मोजायला) तर दर उंदरागणिक वेगळं. डोस वाढवू का?

उत्तर १

इतक्यात नको. लॅव्हाजमधला टीएनएफ-अल्फा पहिल्या काही तासांतच चढतो आणि २४ तासांपर्यंत बराच ओसरतो. तेव्हा शिल्लक असतात ते न्युट्रोफिल (दाहात धावून येणाऱ्या पांढऱ्या पेशी) आणि गळून आलेलं प्रथिन. त्यामुळे सायटोकाइनसाठी ४ ते ६ तासांचा वेगळा गट ठेवा, २४ तासांना पेशी आणि प्रथिन मोजा. लॅव्हाज ०.८ मिली पीबीएसने (मिठाचं बफर द्रावण) तीनदा. पहिल्या धुण्याचं, सेंट्रिफ्यूज केल्यावर वर राहिलेलं पाणी वेगळं ठेवा, कारण तिन्ही एकत्र केलीत तर सायटोकाइन पातळ होतात. पेशींची मोजणी मात्र तिन्हींची मिळून.

आणि लॅव्हाज केलेलं फुप्फुस ओल्या-कोरड्या वजनाला चालत नाही! आत राहिलेलं पीबीएस सूज म्हणून मोजलं जातं. त्यासाठी वेगळे उंदीर घ्या, किंवा उजवी मुख्य श्वासनळी आधी दोऱ्याने बांधून फक्त डाव्या बाजूचं लॅव्हाज करा (धुण्याचं पाणी त्या मानाने कमी). बांधलेलं फुप्फुस वरचं रक्त टिपून लगेच तोला, मग ६० अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत सुकवा, साधारण ४८ तास.

उत्तर २

मला खरी शंका पेशींच्या निकालाची आहे. क्वेर्सेटिन एमटीटीला स्वतःच जांभळं करतं, पेशी नसल्या तरी. एका रांगेत पेशींशिवाय नुसतं माध्यम, क्वेर्सेटिन आणि एमटीटी ठेवून बघा. रंग आला तर पेशी मेलेल्या असूनही जिवंत दिसत असतील, आणि मरणाऱ्या पेशींचा टीएनएफ-अल्फा कमीच येणार. एमटीटी घालण्याआधी पीबीएसने दोनदा धुवा, आणि एलडीएच (फुटलेल्या पेशींतून बाहेर येणारं एन्झाइम) गळतीही मोजा.

शिवाय माध्यमात क्वेर्सेटिन आपोआप ऑक्सिडाइज होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार करतं. कॅटालेज (पेरॉक्साइड मोडणारं एन्झाइम) घातल्यावर परिणाम नाहीसा झाला, तर तो पेरॉक्साइडचा होता, क्वेर्सेटिनचा नव्हे. एनआरएफ२ आणि एचओ-१ (पेशींचा ऑक्सिडेशनविरोधी बचाव) वाढल्याचे निकालही या कसोटीला लावावेत.

उत्तर ३

५० मायक्रोमोलर म्हणजे मिलीमागे सुमारे १५ मायक्रोग्रॅम. तोंडावाटे दिल्यावर मोकळं क्वेर्सेटिन रक्तात एवढं कधीच टिकत नाही. आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात त्याला ग्लुक्युरोनाइड, सल्फेट किंवा मिथाइल चिकटतं. म्हणून पेशींवर क्वेर्सेटिन-३-ग्लुक्युरोनाइड १ ते ५ मायक्रोमोलरला तपासा. दाहाच्या जागी बीटा-ग्लुक्युरोनिडेज हे एन्झाइम त्यातलं काही पुन्हा मोकळं करतं, त्यामुळे फुप्फुसात अगदीच काही पोहोचत नाही असं नाही.

देण्याची पद्धतही तपासा. ०.५ टक्के कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोजमध्ये मिलीला ५ मिग्रॅ कालवा. २० ग्रॅमच्या उंदराला ०.२ मिली. पावडर तळाशी बसते, म्हणून दर उंदराआधी नळी घुसळा, नाहीतर शेवटच्या पिंजऱ्याला दुप्पट जातं. बाटलीवर डायहायड्रेट (पाण्याचे दोन रेणू जोडलेलं) लिहिलंय का? त्याचा रेणुभार ३३८ आहे, नुसत्या क्वेर्सेटिनचा ३०२ धरलात तर डोस सुमारे ११ टक्के कमी पडतो.

उत्तर ४

वनस्पतीचा अर्क वापरायचा झाला तर आधी लिम्युलस चाचणी (एंडोटॉक्सिन शोधणारी). अर्कात बऱ्याचदा जिवाणूंचं एंडोटॉक्सिन असतं. आधी दिलेल्या त्या थोड्याशा एलपीएसने पेशींना सहनशीलता येते, पुढच्या मोठ्या डोसला त्या थंड राहतात, आणि श्रेय फ्लॅव्होनॉइडला जातं.

एक गट एलपीएसनंतर २ तासांनी औषध देण्याचाही ठेवा. एआरडीएसचा (फुप्फुस अचानक निकामी होण्याचा आजार) रुग्ण दाह सुरू झाल्यावरच येतो. आधी देऊन मिळालेल्या गुणाला प्रतिबंध म्हणा, उपचार नको.