वडील गाडी चालवताना फोन सोडत नाहीत. त्यांच्या गाडीत बसायला नकार देणं चूक आहे का?

तावरजाकाठ (धागा सुरू करणारी)
आमच्या दादांचं, म्हणजे वडिलांचं, औशाकडं कृषी सेवा केंद्र आहे. घर लातूरला. रोज सकाळी जाणं, रात्री येणं. मृग लागला की फोनला उसंत नसते. "डीएपी खत आलं का?", "कोणतं बियाणं टाकू?" पेरणी उरकली की मग फोटो यायला लागतात. सोयाबीनचं पान पिवळं पडलंय, हा मोझॅक रोग आहे का बघा. आणि दादा बघतात! एक हात स्टेअरिंगवर, दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं फोटो मोठा करून, ८० च्या स्पीडला.

सांगून झालं. आईनं सांगितलं, भावानं सांगितलं. उत्तर ठरलेलं: "तुझ्या जन्माआधीपासून गाडी चालवतोय मी." गेल्या महिन्यात माझा सात वर्षांचा मुलगा पुढच्या सीटवर होता आणि दादा कुणाला तरी पांढऱ्या माशीचं औषध सांगत होते. मी म्हणाले, दादा, फोन ठेवा, नाहीतर गाडी बाजूला घ्या. ते हसले. दुसऱ्यांदा म्हणाले तेव्हा चिडून त्यांनी गाडी थांबवली. मी मुलाला घेऊन उतरले आणि एसटीनं घरी आले. त्या रात्रीच सांगून टाकलं की फोन हातात असेल तर मी बसणार नाही आणि लेकरालाही बसवणार नाही.

तेव्हापासून दादा माझ्याशी तुटक बोलतात. नातेवाईकांत "पोरीनं बापाला रस्त्यात उतरून दाखवलं" अशी चर्चा आहे. माझं मत बदललेलं नाही. तुम्ही काय केलं असतं?

अडतीवाला
ताई, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुम्ही पगारदार असाल. धंद्यातल्या माणसाचा फोन म्हणजे त्याचं दुकान. जूनमध्ये शेतकऱ्याचा फोन उचलला नाही तर तो दुसऱ्या मिनिटाला शेजारच्या दुकानात फोन लावतो, आणि एकदा गेलेलं गिऱ्हाईक दिवाळीपर्यंत परत येत नाही. अर्धा व्यवहार उधारीवर, म्हणजे माल उचलून गेलेला माणूस फोनवरच धरून ठेवावा लागतो. तुमचं शिक्षण, लग्न याच फोनवर झालं असेल. एवढ्या वर्षांत त्यांच्या गाडीला ओरखडा नाही, असं तुमच्या लिहिण्यावरूनच वाटतंय. बापाला चारचौघांत खाली पाहायला लावून काय मिळालं? घरात बसून, हातापाया पडून सांगता आलं असतं.

निवृत्त स्टेअरिंग
घरात बसून सांगितलंय की, तेच तर लिहिलंय तिनं.

मी एसटीत चालक होतो. आमच्याकडं गाडी चालवताना फोन कानाला लावलेला सापडला की निलंबन. पन्नास माणसं मागं बसलेली असतात म्हणून नियम कडक. मग नातू शेजारी बसला की नियम ढिला कसा?

हिशोब सांगतो. ८० च्या स्पीडला गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. फोटो उघडायचा, मोठा करायचा, पान बघायचं, चार सेकंद कुठंच गेले नाहीत. तेवढ्यात गाडी जवळजवळ ९० मीटर पुढं, आणि चालवणाऱ्याचे डोळे सोयाबीनवर. त्या ९० मीटरमध्ये काय काय असतं हे आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. कारखाने सुरू झाले की उसाच्या जोड ट्रॉल्या, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर. दिवसा दिसतात, रात्री आठला त्या ट्रॉल्या म्हणजे रस्त्यात उभी भिंत.

"ओरखडा नाही" हे मला सांगू नका. ओरखडा नसलेलेच जास्त बेफिकीर असतात.

बालाघाटी
एवढं महाभारत कशाला? ब्लूटूथ बसवा. दोन-तीन हजारांत काम. दोन्ही हात स्टेअरिंगवर, धंदाही चालू, बापलेकीचं भांडणही मिटलं.

गोदाकाठ
ब्लूटूथनं फोन हातात धरणं तेवढं थांबेल, ते थोडं नाही. पण बोलण्याचा धोका जात नाही. १९९७ साली टोरंटोच्या दोन संशोधकांचा अभ्यास 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला. अपघात झालेले, मोबाईल बाळगणारे ६९९ चालक घेतले, त्यांची फोनची बिलं काढली आणि अपघाताच्या आधीची काही मिनिटं आदल्या दिवसाच्या त्याच वेळेशी ताडून पाहिली. फोनवर असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट निघाला. हात मोकळे ठेवणारा फोन वापरणाऱ्यांनाही त्यात काही सूट मिळाली नाही. गुंतलेलं असतं ते डोकं.

इथं लोक विचारतात की मग शेजारी बसलेल्याशी बोललेलं कसं चालतं? शेजारी बसलेल्याला रस्ता दिसतो. समोर म्हैस आली की तो आपोआप गप्प होतो. निलंग्याहून फोन करणाऱ्याला तुमच्यापुढची म्हैस दिसत नाही, त्याचं "हॅलो, हॅलो, ऐकू येतंय का" सुरूच असतं.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनं, गाडी चालवताना हातात फोन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात धरलं. पहिल्या वेळी १,००० ते ५,००० रुपये दंड, किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही. १ ऑक्टोबर २०२० पासून नियमात सूट आहे ती फक्त रस्ता बघण्यासाठी, तीही लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीनं. पानावरचे डाग बघायला नाही.

बालाघाटी
कायदा आम्हालाच का? मांजरसुंब्याच्या घाटात उलट्या बाजूनं येणारे बघा, मोकाट जनावरं बघा, खड्डे बघा. एवढ्या सगळ्यातून जो माणूस रोज गाडी सुखरूप आणतो त्याला फोनवरून बोल लावायचे. टोरंटोचे रस्ते आणि आपले रस्ते, काही मेळ आहे का?

निवृत्त स्टेअरिंग
मेळ नाही हे खरं. तिकडं समोरून उलट्या बाजूनं ट्रॅक्टर येत नाही, तरी चौपट. आपल्याकडचं तुम्हीच मोजा.

सरकारी अप-डाऊन
दोन्ही बाजू वाचल्या. सगळे असं धरून चाललेत की फोन उचलणारा हट्टी आहे, म्हणून उचलतो. माझी आई आरोग्य सेविका होती. परभणीहून उपकेंद्रापर्यंत स्कूटीवर जायची. फोन स्कार्फमध्ये कानापाशी खोचलेला. आम्ही ओरडायचो. ती म्हणायची, उचलला नाही तर दुपारी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागतं. ग्रुपवर "तात्काळ", "आत्ताच्या आत्ता", "लोकेशनसह फोटो". ही भाषा पाठवणारा माणूस खुर्चीत बसलेला, वाचणारी स्कूटीवर. तिला एकटीला दोष देऊन काय होणार होतं?

आणि दुसरा त्रास घरातला. सगळ्यात जास्त फोन आमच्या आजीचे. "पोचलीस का?" अर्ध्या रस्त्यात असलेल्या माणसाला काळजीपोटी विचारायचं, पोचलीस का! तिनं उचलावा तर धोका, न उचलावा तर आजी बाबांना लावणार, बाबा आईला लावणार. शेवटी बाबांनीच नियम केला. आई निघताना सांगेल, पोचल्यावर सांगेल, मधल्या वेळेत घरातून कुणी फोन करायचा नाही. आजी आठवडाभर कुरकुरली, मग तिला सवय झाली. ऑफिसचे फोन काही थांबले नाहीत, पण निम्मे कमी झाले तेही खूप झालं.

तावरजाकाठ ताई, तुमच्या दादांना गाडीवर असताना कोण कोण फोन करतं, याचा एकदा त्यांच्याच फोनमध्ये शोध घ्या. शेतकऱ्यांना बाजूला ठेवा. घरचे किती असतात ते बघा.

अडतीवाला
ही बाई शहाणं बोलली. असं समजून घेतलं की माणूस ऐकतो. आणि ताई, एक राहिलं. नातवाला बसू देणार नाही म्हणणं म्हणजे लेकराला पुढं करून बापाला कोंडीत पकडणं आहे. ते मला पटलेलं नाही, पटणारही नाही.

तावरजाकाठ
अडतीवाला दादा, तुमचं म्हणणं समजलं, पण मी कोंडीत पकडलं कुणाला? दादांनी नातवाला भेटू नये असं मी कुठंच म्हटलेलं नाही. घरी खेळतात, दुकानात नेतात, सगळं चालू आहे. फक्त नेताना फोन मागच्या सीटवर. मला माझा मुलगा कुणाच्या गाडीत बसेल हे ठरवायचा अधिकार आहे की नाही? हेच एखाद्या भाड्याच्या गाडीच्या ड्रायव्हरनं केलं असतं तर तुम्हीच म्हणाला असता, उतर लगेच. बापाला सांगितलं की तो अपमान होतो. आपल्या घरांत बाप चुकू शकतो, पण चुकला असं पोरीनं म्हणायचं नाही, एवढीच काय ती अडचण आहे.

घरातल्या फोनचा शोध घेतला. आई दिवसातून दोनदा करते, एकदा "जेवलात का", एकदा "येताना कोथिंबीर आणा". दुसरा बरोबर ते निघाल्यावर. तो आता दुकान बंद व्हायच्या आधी करायचा असं आईनं मान्य केलंय.

आईकडून आणखी एक कळलं. नातू गाडीत असला की दादा आता फोनला हात लावत नाहीत. एकटे असले की पहिल्यासारखंच.

बालाघाटी
मग जिंकलात की! धागा बंद करा.

गोदाकाठ
कसं जिंकलं? समोरून दुचाकीवर येणाऱ्याला दादांच्या गाडीत नातू आहे की नाही हे कसं कळणार?

पानगावचा पोऱ्या
आमचे अण्णा पण असेच, गाडी चालवत बोललालेत तर बोललालेत. मी दोन गोष्टी केल्या. एक चालली, एक नाही. फोनमधली गाडी चालवतानाची सेटिंग लावून दिली, फोन आला की आपोआप मेसेज जातो. अण्णांनी तिसऱ्या दिवशी बंद केली, म्हणे लोकांना वाटतंय मी मोठा साहेब झालो. चाललं ते हे: निघताना फोन दुकानातल्या पोराच्या नंबरवर फॉरवर्ड करायचा. तो म्हणतो, "अण्णा गाडीवर हायेत, अर्ध्या तासात लावतील." माणसाचा आवाज आला की गिऱ्हाईक तुटत नाही. यंत्रावर लोक चिडतात, पोरावर चिडत नाहीत.

अडतीवाला
माझ्याकडं चालणार नाही. उधारी द्यायची की नाही हे पोरगं कसं सांगेल? आणि भाव विचारला तर?

पानगावचा पोऱ्या
अर्ध्या तासात उधारी पळून जाती का?

तावरजाकाठ
दुकानातल्या मुलाशी बोलले. तो तयार आहे. साठा, दर, मालाची गाडी कधी येणार एवढं सांगेन म्हणतो, उधारी सोडून. फक्त त्याची अट अशी की मालकानं स्वतः सांगायला पाहिजे, नाहीतर त्याच्यावरच ओरडा बसेल. आता हे दादांपुढं काढायचं कुणी, यावर घरात आई भावाकडं बोट दाखवते आणि भाऊ आईकडं. मी काढलं तर ऐकायच्या आधीच नाही म्हणतील.

अडतीवाला
माझं मत तेच आहे, गाडीतून उतरायला नको होतं. पण काढायचंच असेल तर पोळ्याच्या आत काढा, भावाकडून, दुकानात गिऱ्हाईक नसताना. हरभऱ्याच्या बियाण्याची गडबड सुरू झाली की ते कुणाचंच ऐकणार नाहीत.