मदत हवी आहे: मुळशीत उतारावरच्या भातखाचराची ताल (दगडी बांध) ढासळलीये, हातानं रचावी की जेसीबी लावावा?

नमस्कार मंडळी, मी राहायला कोथरूडला पण आमची भाताची जमीन मुळशीत, डोंगराच्या पार उतारावर, एकाखाली एक अशी अरुंद खाचरं, काहींत तर बैलजोडी वळवायची पंचाईत. यंदाच्या पावसात वरून दुसऱ्या खाचराची दगडी ताल मधोमध फुटली आणि निम्मी माती खालच्या आवणावर (लावलेल्या भातरोपांवर) जाऊन बसली. फुटलंय तिथे मुरूम उघडा पडलाय आणि बांधात खेकड्यांची बिळं, मूठ आत जाईल एवढी.

जेसीबीवाला म्हणतो दोन खाचरांचं एक करून देतो, पॉवर टिलर आरामात फिरेल. काकांना अजिबात पटत नाही, ते म्हणतात इतक्या वर्षांच्या चिखलणीनं खाली जो घट्ट थर बसलाय त्याच्यावरच पाणी उभं राहतं, तो फोडला की सगळं जिरून जाणार, वर मुरूम येईल ते वेगळंच. मलाही त्यांचंच खरं वाटतं. पण ताल रचणारी माणसं आता मिळेनात, आणि काकांना दगड उचलवत नाहीत. मुळशीच्या आंबेमोहोराला २०१६ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा केवढे खूश होते ते, त्यांच्या डोळ्यांदेखत ही जमीन पडीक नाही टाकायची मला. सिमेंटनं सांधली तर टिकेल का? आणि खेकड्यांचं काय करायचं?

प्रतिसाद: ताई, काकांचं ऐका. सिमेंट नकोच. नुसत्या रचलेल्या दगडांच्या फटींतून मागचं पाणी झिरपून निघतं, ते कोंडलं की ताल पोट काढते आणि अख्खी खाली येते. पाया कडक मुरमापर्यंत खणा, मोठे दगड खाली, लांबट दगड आडवा न ठेवता आत घुसवायचा, मागे बारीक गोटे, आणि ताल डोंगराकडे जराशी कललेली पाहिजे. बिळं वरून बुजवून काही होत नाही, शेवटापर्यंत खणून चिकणमाती ठोकून भरा. पाणी सोडायची तोंडं एकाखाली एक नकोत, वरच्याला डावीकडं तर खालच्याला उजवीकडं, पाणी पडतं तिथे दगड पसरा. भात निघाल्यावर, जमीन वाळली की काम काढा.

धागाकर्ती: खूप आभार दादा! आमची तोंडं एकाच रेषेत आहेत, काकांशी बोलते. पौड, ताम्हिणी किंवा वेल्ह्याकडचं कुणी ताल रचणारं माहिती असेल तर प्लीज सांगा, मजुरी ते म्हणतील ती, जेवणखाण आमच्याकडे.