आतड्यातल्या जंतूंचं संशोधन : सोलापूरच्या रुग्णांनी नमुने द्यावेत का?

पूर्वभागकर

माझं मत आधीच सांगतो. आतड्याच्या कॅन्सरच्या गाठीचे नमुने संशोधनाला द्यावेत, आणि त्यासाठी रुग्णांनी व घरच्यांनी स्वतः पुढे यावं.

माझ्या धाकट्या भावाला अडतिसाव्या वर्षी गुदाशयाचा कॅन्सर निघाला. यंत्रमागावर काम, दारू नाही, तंबाखू नाही. संडासातून रक्त जायचं, तर वर्षभर मूळव्याधीचं मलम आणि पुड्या चालल्या. एकाही डॉक्टरने बोट घालून तपासलं नाही. आता संडास गोळा करायला पोटावर पिशवी आहे. कडेची कातडी सोलवटू नये म्हणून पिशवीचं भोक कात्रीने नेमकं मापात कापावं लागतं, ते वहिनी शिकली. "मलाच का झालं?" हे तो अजून विचारतो.

त्याचं थोडं उत्तर आता दिसू लागलंय. २०२५ मध्ये 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ११ देशांतल्या आतड्याच्या कॅन्सरच्या ९८१ रुग्णांच्या गाठींचा जनुकीय अभ्यास आला. ई. कोलाय जंतूच्या काही जाती कोलिबॅक्टिन नावाचं विष तयार करतात आणि ते पेशींच्या डीएनएवर ठरावीक खुणा सोडतं. चाळिशीच्या आत कॅन्सर झालेल्यांत या खुणा सत्तरीपुढच्यांपेक्षा ३.३ पट जास्त सापडल्या. इजा बहुधा लहानपणीच होते, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्या ११ देशांत भारत नाही. टाटा रुग्णालयाच्या याच कॅन्सरच्या ८०० रुग्णांच्या पाहणीत सरासरी वय ४७ च्या आसपास होतं. मग आपली माणसं या अभ्यासाबाहेर का?

शल्यचिकित्सक

दादा, भावाबद्दल वाईट वाटलं. पण मी सहमत नाही.

४७ या आकड्यावर फार भार टाकू नका. आपली लोकसंख्याच तरुण आहे, त्यामुळे रुग्णांचं सरासरी वय खाली दिसणारच. दुसरं, जंतूची खूण सापडली म्हणून आज माझ्यासमोर बसलेल्या माणसाला मी वेगळं काय देणार? २०१७ मध्ये मानवी गाठी रुजवलेल्या उंदरांना मेट्रोनिडाझोल हे जंतू मारणारं औषध दिल्यावर गाठीची वाढ मंदावली. तेवढं वाचून लोक ती गोळी मागायला येतात. उंदरावरून माणसाचा उपचार ठरत नाही.

तुमच्या भावाचं नुकसान जंतूवर संशोधन झालं नाही म्हणून झालेलं नाही, तपासणी झाली नाही म्हणून झालंय. गुदाशयातल्या बऱ्याच गाठी बोटालाच लागतात. आतड्याच्या अस्तरावर वाढणाऱ्या साध्या कोंबाचा, म्हणजे पॉलिपचा, कॅन्सर व्हायला बहुतेकदा दहाएक वर्षं जातात, आणि तो दुर्बिणीतून काढला की धोका टळतो. सरकारी तपासणी मोहिमेत तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख आहे, मोठं आतडं नाही. सरसकट सगळ्यांची विष्ठा तपासा असं मी म्हणणार नाही, कारण आपल्याकडे या कॅन्सरचं प्रमाण पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आहे. पण रक्त जाणाऱ्या माणसाला तालुक्याच्या ठिकाणी कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून मोठ्या आतड्याची तपासणी, मिळाली पाहिजे. रुग्णांची ताकद तिथे लागू दे.

सूक्ष्मजीववाली

सर, तपासणीचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण "आज उपयोग काय" ही कसोटी लावली असती तर जठरात अल्सर करणाऱ्या हेलिकोबॅक्टर जंतूकडे कोणी पाहिलंच नसतं. अल्सर म्हणजे तिखट आणि टेन्शन, असंच सगळे धरून बसले होते. त्या शोधाला २००५ मध्ये नोबेल मिळालं आणि आज अल्सर गोळ्यांनी बरा होतो. फ्युजोबॅक्टेरियम हा तोंडातला जंतू आतड्याच्या गाठीत सापडतो हे २०१२ मध्ये कळलं. तो गाठ सुरू करतो की आयत्या गाठीत राहायला येतो, हा वाद अजून चालू आहे, आणि तो नमुन्यांशिवाय सुटणार नाही.

आपलं खाणंही वेगळं आहे. ज्वारीच्या भाकरीतला तंतू आतड्यातले जंतू आंबवतात, त्यातून ब्युटिरेट तयार होतं आणि आतड्याच्या अस्तराला ते पोसतं. मंगळवेढ्याच्या ज्वारीवर वाढलेल्या माणसाच्या पोटात काय नांदतंय, हे परदेशातल्या नमुन्यांवरून कसं कळणार?

एक कळकळीची विनंती मात्र आहे. घरबसल्या "पोटातल्या जंतूंची चाचणी" म्हणून जी महागडी किट विकली जातात, त्यांनी कॅन्सर आहे की नाही हे ठरत नाही. रक्त जात असेल तर ते पैसे कोलोनोस्कोपीसाठी ठेवा.

बार्शीकर

आमच्या भागाला संशोधन नवीन नाही. देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये बार्शीत सुरू झाली. शेजारच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात १,३१,७४६ बायकांवर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा मोठा अभ्यास झाला, २००९ मध्ये तो छापून आला. हा कॅन्सर करणाऱ्या एचपीव्ही विषाणूची एकदाच तपासणी झालेल्या गटात ३४ मृत्यू, तपासणी न झालेल्या गटात ६४. जगाने त्यावरून धोरणं आखली, याचा मला अभिमान आहे. पण त्या ६४ जणी आपल्याच गावच्या होत्या, हे मी विसरू शकत नाही.

म्हणून नमुने द्यायला माझा विरोध आहे, जोवर अभ्यास आखताना रुग्ण चर्चेला सोबत बसलेला नाही तोवर. नमुना देणाऱ्याला आणि त्याच्या सख्ख्या भावंडांना कोलोनोस्कोपी मोफत, हे आधी लिहून द्या. सख्ख्या नात्यात धोका वाढतो हे डॉक्टरच सांगतात ना?

पूर्वभागकर

बार्शीकर, ही अट मी उचलतो. शल्यचिकित्सक सरांचंही बरोबर आहे, पण "आधी तपासणी, मग संशोधन" अशी रांग मला मान्य नाही. गाठ ऑपरेशनमध्ये निघतेच, पॅथॉलॉजीत जातेच. तिचा तुकडा जपून ठेवायला रुग्णाचे जास्तीचे कष्ट लागत नाहीत, त्याची सही लागते. फक्त हे ऑपरेशनच्या आदल्या रात्री घाईत उरकायचं नाही.

शल्यचिकित्सक

सही घेण्यावरच माझा आक्षेप आहे. वॉर्डात आलेला माणूस घाबरलेला असतो, पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर सही करतो. त्याला संमती म्हणायला मी तयार नाही. शिवाय तुकडा जपायला उणे ८० अंशाचा फ्रीझर आणि चोवीस तास वीज लागते. तो खर्च कोणी द्यायचा ठरलाच, तर मी आधी एक दुर्बीण मागेन.

विडीकामगाराची_लेक

माझी आई अशीच सही करून बसली होती. कागद मराठीत, आणि ती वाचते फक्त तेलुगू. सोलापूरच्या पूर्व भागात निम्म्या घरांत हीच गत आहे. अटी लिहिणार असाल तर संमतीपत्र तेलुगू आणि कन्नडमध्येही हवं, आणि ते डॉक्टरने नाही, आधी या आजारातून गेलेल्या कोणीतरी बसून समजावून सांगावं. त्या कामाला मी यायला तयार आहे.