मदत हवी आहे: क्यूपीएसकेचा आलेख 3 डेसिबलने सरकतोय

नमस्कार मंडळी. मी डिजिटल कम्युनिकेशनमध्ये एम.टेक. करतोय, दुसरं सत्र. दिवसा नोकरी, त्यामुळे सिम्युलेशनला हात लागतो तो रात्री जेवणं आटोपल्यावरच.

ऑक्टेव्ह या गणिती सॉफ्टवेअरमध्ये बीपीएसके आणि क्यूपीएसके या बिट पाठवायच्या दोन पद्धतींचा बिट एरर रेट, म्हणजे चुकीच्या पोचलेल्या बिटांचं प्रमाण, काढतोय. बीपीएसके बरोबर येतं: दर बिटाची ऊर्जा नॉइजच्या (गोंगाटाच्या) तुलनेत 9.6 डेसिबल असताना साधारण लाख बिटांमागे एक चूक. क्यूपीएसकेलाही तेवढंच यायला हवं, पण माझ्या आलेखात तीच पातळी 12.6 ला येते. नेमका 3 डेसिबलचा फरक, म्हणजे कुठेतरी 2 ने भागायचं किंवा गुणायचं राहिलंय. क्यूपीएसकेच्या एका सिम्बॉलमध्ये, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या संकेतात, 2 बिट असतात आणि मी नॉइज बहुतेक बिटाऐवजी सिम्बॉलच्या ऊर्जेवरून काढलाय, असा संशय आहे. की रिअल आणि इमॅजिनरी भागांत तो वाटतानाच चुकतंय? चार रात्री त्याच ओळीवर अडकलोय.

अजून एक. लाखात एक चूक या पातळीला शंभरेक चुका मोजायच्या तर 1 कोटी बिट लागतात, आणि तेवढ्यात लॅपटॉपची मेमरी भरते. तुम्ही तुकडे पाडून चालवता का? केवढे?

पुढच्या आठवड्यात मॅडमना दाखवायचंय. आलेख नुसता जुळवून न्यायचा नाहीये, चूक समजून घ्यायचीय. कुणी हे केलं असेल तर कृपया सांगा.