ग्रूपवर भाषेवरून भांडण, अ‍ॅडमिन जबाबदार का?

प्रश्न: फोंड्याला आमच्या वाड्यावरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रूपवर मराठी-कोंकणी विषय निघाला की लोक थेट एकमेकांच्या घरच्यांवर जातात, काल एका काकांना नको नको ते बोलले आणि ते ग्रूप सोडून गेले, मला रात्रभर वाईट वाटलं. अ‍ॅडमिन मी, मग जबाबदार मीच का?

उत्तर: कायद्याने सहसा नाही. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की अ‍ॅडमिनची त्यात साथ नसेल तर दुसऱ्याच्या मेसेजसाठी त्याला दोषी धरता येत नाही. ज्याने लिहिलं त्यानेच निस्तरायचं.

उत्तर: तरी काकांकडे जाऊन ये रे. गोव्याच्या १९८७ च्या कायद्यात कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीलाही सरकारी कामात जागा दिलीय, मग आपण माणसाला का देऊ नये?

प्रश्नकर्ता: संध्याकाळी जातो, लिहिणाऱ्यालाही सोबत नेतो.